पक्ष्यांना चालेल असा तवा

"हा पक्ष्यांना चालेल का?"

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोच्या त्या भांड्यांच्या दुकानात ग्लेनिसचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ओव्हनमध्ये चालेल का, इंडक्शनवर चालेल का, सुनेला आवडेल का, असले नाना प्रश्न तिने झेलले होते. हा नवा होता. विचारणारा सत्तरीचा मर्विन टोपी हातात धरून उभा होता आणि थट्टा करत असावा असं काही दिसत नव्हतं.

"पक्षी भाजायला?"

"अहो, काय बोलताय!" मर्विनच्या तोंडचा रंगच उडाला. "माझे बजी आहेत. छोटे पोपट. प्रदर्शनात बक्षिसं मिळवलेले. तो साधा नॉनस्टिक तवा फार तापला की धूर सोडतो, आणि तेवढ्या धुरानं पाखरं जातात. म्हणून सिरॅमिकचा हवाय. पण नुसता नावाला सिरॅमिक नको, सांगून ठेवतो."

ग्लेनिसने चार-पाच तवे काढून मांडले. मर्विनने चष्मा लावून खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचली, तव्यावर नख ओढलं, बोटाने टिचक्या मारल्या, तव्याच्या मुठीचा वाससुद्धा घेतला. मूठ कशाची? ती तापली तर? आत चिकटवायला काय वापरलंय? लग्नातली अंगठी तरी त्याने इतकी पारखून घेतली होती का, कोण जाणे.

त्याची बायको नोएलीन मागे ट्रॉलीला धरून उभी होती. मधूनच खोकायची आणि खोकून झाल्यावर उगाच इकडेतिकडे बघायची. तिने फळीवरचा एक हिरवा तवा उचलून पाहिला.

"मर्व, हा बघ. हलका आहे. माझ्या मनगटाला बरा पडेल."

"ठेव तो. त्याच्या मुठीत कसलं प्लास्टिक आहे कुणास ठाऊक."

तिने ठेवला.

"झालं तरी काय होतं?" ग्लेनिसने विचारलं. विचारायला नको होतं, पण म्हाताऱ्याचा चेहराच तसा झाला होता.

"प्रदर्शनाआधी पाखरं स्वयंपाकघरात आणून ठेवायची असतात," मर्विन म्हणाला. "आमच्यात सगळेच ठेवतात. भांड्यांचा आवाज, रेडिओ, माणसांची ये-जा, सगळ्याची सवय झाली की परीक्षकासमोर बुजत नाहीत. मी होतो बाजारात. हिनं अंड्यांसाठी तवा गॅसवर चढवला आणि गेली निघून बाहेर."

"पंप आणायला गेले होते," नोएलीन म्हणाली. "दमा उसळला होता. पंप गाडीत राहिला होता. श्वास येईपर्यंत तिथंच बसले."

"मी आलो तर घरभर धूर. ही दारात खोकत उभी. मी तसाच आत धावलो. बघतो तर पिंजऱ्यांच्या तळाशी सगळी..." त्याने रुमाल काढला. "माझी निळी मादी होती हो. तिच्या आजीची आजी माझ्या हातावर वाढलेली. हाक मारली की मान वाकडी करून बघायची."

ग्लेनिसला गलबलून आलं. खोटं कशाला बोला, ते दुःख खरंच होतं. पाखरं पाळणाऱ्यांच्या क्लबातले लोक दूरदूरच्या गावांहून गाड्या काढून त्याला भेटायला आले होते. प्रत्येकाने आपल्याकडची चांगली जोडी देऊ केली होती. उद्या ती नवी पाखरं घरी येणार होती. भेटायला आलेल्या त्या सगळ्यांना चहा नोएलीननेच करून दिला होता, आणि मर्विनच्या पाठीवर हात ठेवण्यात गढलेल्या त्या भल्या माणसांपैकी एकानेही तिला तू कशी आहेस म्हणून विचारलं नव्हतं.

ग्लेनिसने विचारलं. "आणि तुम्ही? तुमच्याही छातीत गेलाच असेल की तो धूर."

नोएलीन उत्तर द्यायला पुढे झाली.

"माणसांना काही होत नसतं," मर्विन म्हणाला. "दोन दिवस कसकस, थोडा खोकला, बस. क्लबात सगळ्यांना माहीत आहे."

"माझा अजून आहे," नोएलीन म्हणाली. नवऱ्याकडे बघून नव्हे, समोरच्या फळीकडे बघून.

मर्विनने अखेर सगळ्यांत जड तवा निवडला. काळा, जाड बुडाचा, मूठसुद्धा धातूची. नोएलीनने तो दोन्ही हातांनी उचलून गल्ल्यावर ठेवला. ग्लेनिसने सवयीने सांगायचं ते सांगितलं, आच मंद ठेवा, लाकडी उलथनं वापरा, रिकामा तापवत ठेवू नका.

"ऐकलंस ना?" मर्विन बायकोला म्हणाला. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा खुलला. "नाहीतर असं करू. पाखरं आठवडाभर मागच्या शेडमध्येच राहू देत. तोवर तू यावर रोज कर स्वयंपाक. खिडक्या लावून. चांगला तापव. तुला काही झालं नाही, की मी आणतो त्यांना आत."

ग्लेनिसचे हात थांबले. नोएलीन मात्र मुळीच चकित झाली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ती सवय मोडली होती.

"आणि मला झालं काही, तर?"

मर्विनने खरोखर विचार केला. प्रश्न रास्त होता.

"त्यात काय एवढं?" तो ग्लेनिसकडे वळून म्हणाला. "तवा परत घेता ना हो तुम्ही?"