गच्चीवरची बाई

वेंगुर्ल्यातले चित्रकलेचे मास्तर वासुदेव केळुसकर १९८४च्या मे महिन्यात एक चित्रकथा काढत होते. समुद्राने सगळं जग गिळलंय आणि शाळेच्या गच्चीवर एकटी एक बाई उरली आहे, अशी गोष्ट. दिवस मोजायला बाईने कठड्यावर ओढलेल्या कोळशाच्या सात रेघाही त्यांनी काढल्या.

दुसऱ्या दिवशी रेघा आठ होत्या. तिसऱ्या दिवशी नऊ.

"माझ्या चित्राक हात लायलंस काय गो?" त्यांनी बायकोला, इंदिरेला, विचारलं.

"माका येळ खंय आसा?" ती म्हणाली.

दहावी रेघ उमटली त्या दिवशी बाईचे गाल बसलेले दिसले. मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी त्यांनी गच्चीला लागलेली एक होडी काढली आणि होडीत वल्हं ठेवलं.

सकाळी पान उघडून बघतात, तर गच्ची रिकामी. होडीही नाही.

तेवढ्यात इंदिरा ओटीवरून धावत आत आली.

"अवो, भायर एक बाय इली आसा. मी समोर उभी आसंय, तरी माकाच विचारता, हंय कोण जिवंत उरलो आसा काय?"