तांबड्या पिंपापर्यंत

कल्पना करा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि एका मोठ्या पांढऱ्या शिडाच्या होडीच्या पोटात शिरला आहात. जरा वाकून चाला, नाहीतर डोकं आपटेल. समोर तुमच्याच मापाचा एक बाक आहे. त्याच्या उशाशी ताटलीएवढी गोल खिडकी, आणि खिडकीत नुसतं पाणी. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? त्या नऊ वर्षांच्या मुलीनंही तेच केलं. डोक्यावरची लाल टोपी काढून बाकावर ठेवली आणि जागा धरली.

"कप्तान, वर या!" काकांनी हाक मारली. काका म्हणजे मावशीचे यजमान. सकाळपासून त्यांनी तिला हेच नाव ठेवलं होतं.

धक्क्यावर आई, बाबा, मावशी आणि काका उभे होते. दोन घरांत मिळून एक होडी घ्यायची, एक रविवार यांचा, एक त्यांचा, असं ठरलं होतं. पांढरी सगळ्यांच्या मनात भरली होती. तिच्या पलीकडे एक हिरवी होडी बांधलेली होती, बुटकी, वरून उघडी. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

होड्या बांधणारा म्हातारा सुतार कानामागे पेन्सिल खोचून शांत उभा होता.

"आवडली का, ते मी विचारत नाही," तो म्हणाला. "होडी चौघांची. तेव्हा प्रत्येकानं एकट्यानं शीड चढवायचं, पाण्यात तरंगणाऱ्या त्या तांबड्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. सोबतचा माणूस भर पाण्यात आजारी पडला, तर दुसऱ्याला ती घरी आणता आली पाहिजे."

बाबा जाऊन आले. आई जाऊन आली, पण येताना धाडकन धक्क्यावर आदळली. "धक्काच पुढे आला," ती म्हणाली. काका पिंपाच्या बरेच पलीकडून वळले आणि समुद्र दाखवून आणल्यासारखा चेहरा करून उतरले. सुतारानं तिघांच्याही चुका सांगितल्या. तिघांनी माना डोलावल्या.

मग मावशीची पाळी आली. या तिघांना शीड धरायला शिकवलं होतं ते तिनंच. पण खांद्याच्या ऑपरेशननंतर तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि पांढरीचं शीड चढवायचं तर दोर डोक्याच्याही वरून दोन्ही हातांनी खेचावा लागे. मावशीनं डाव्या हातानं ओढलं. शीड निम्म्यावर गेलं आणि घसरलं. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा दोर तिच्या तळव्यातून सरसरत गेला.

ती हात पुसत धक्क्यावर आली. "मला कुठे एकटीनं जायचंय? मी आपली बसून येईन. हीच घ्या."

"ताई, आम्ही आहोत ना ओढायला," बाबा म्हणाले.

"महाराणीसारखी बस तू," काका म्हणाले. मावशी हसली, पण ओठांपुरतीच.

"मग तिघांची होडी म्हणा," सुतार म्हणाला.

"कप्पी बदलून जमेल का?" काकांनी हळूच विचारलं.

"शीडच जड आहे. काहीही बदला, दोन धड हात लागणारच." सुतारानं हिरवीचा दोर सोडला आणि मावशीच्या डाव्या हातात दिला. "ही जरा फिरवून आणा. बांधून बांधून आंबलीय बिचारी."

हिरवीच्या शिडाचा दोर खाली, कमरेशी येत होता. मावशी बसली आणि एका हातानं ओढत गेली. शीड वर गेलं. तिनं गाल वाऱ्याकडे केला, क्षणभर थांबली, आणि होडी निघाली.

मावशी पिंपाच्या इतक्या जवळून वळली की हात लांबवून त्याला थोपटता आलं असतं. पाण्याचा एक थेंब उडाला नाही. परत येताना तिनं बऱ्याच लांबूनच शीड उतरवलं.

"अगं, अजून खूप अंतर आहे!" काका ओरडले.

होडी घसरत आली, मंदावत आली, आणि झोपलेलं बाळ गादीवर ठेवावं तशी धक्क्याला टेकली. सुतारानं सवयीनं तोंड उघडलं, चूक शोधली आणि तोंड मिटलं. मग गुडघ्यांवर हात टेकत खाली बसून त्यानं स्वतः तिचा दोर घेऊन खुंटाला अडकवला. आधीच्या तिघांसाठी तो बसला नव्हता.

"हलकी आहे, गुणी आहे," होडीतूनच मावशी म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "पण लहान पडेल. कप्तानला झोपायला जागा नाही हिच्यात. त्या बाकावर जीव जडलाय पोरीचा. पांढरीच घ्या."

आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी काकांकडे. काका स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. पोरीचं नाव निघाल्यावर कोण बोलणार?

ती मात्र तिथे नव्हती. पांढरीच्या पोटात वाकून चालत ती बाकापाशी गेली होती. गोल खिडकीतून तिनं एकदा पाणी पाहिलं. बाकावर तळहात फिरवला. मग टोपी उचलली.

ती धक्क्यावरून चालत आली आणि कोणाकडे न बघता हिरवीत उतरली. होडी डुलली. मावशीच्या उजव्या बाजूला, जिथे हात पोचत नव्हता तिथे, ती जाऊन बसली. लाल टोपी कानांपर्यंत ओढली आणि धक्क्यावरच्या सगळ्यांना म्हणाली, "दोर सोडा."