बारा शब्द

रोज मूठभर अक्रोड खाल्ल्याने म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती सुधारते का, हे त्या प्रयोगशाळेत तपासत होते. दर सोमवारी बारा शब्द वाचून दाखवायचे आणि वीस मिनिटांनी किती आठवतात ते मोजायचं, एवढंच मदतनीस मुलीचं काम. यादी दर वेळी नवी हवी होती, पण तिने कंटाळा केला आणि सहाही सोमवारी पहिलीच यादी वाचली.

पहिल्यांदा प्रयोगातल्या एका आजोबांना तीन शब्द आठवले होते. आज त्यांनी बाराच्या बारा घडाघडा म्हटले, वर "उलटे म्हणून दाखवू का?" असंही विचारलं. प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "अक्रोडांनी कमाल केली हं!" मुलगी मान खाली घालून आकडा लिहीत राहिली.

सगळे चहाला गेल्यावर आजोबांना दर सोमवारी घेऊन येणाऱ्या त्यांच्या पत्नी, आजी, तिच्या टेबलाशी आल्या.

"पोरी, हे घरीसुद्धा तेच शब्द म्हणत बसतात. पतंग, चमचा, खिडकी..."

मुलीने पेन खाली ठेवलं. "आजी, माझं चुकलंच. यादी बदलायला हवी होती मी."

"छे गं, अजिबात बदलू नकोस!" आजी घाईघाईने म्हणाल्या. मग दाराकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "मला हल्ली ते 'अहो बाई' म्हणून हाक मारतात.



तेवढा चमचा काढून तिथे माझं नाव घालशील?"