तंगूस

नागोठण्याला आंबा नदीच्या काठी कमळाकर दगडावर बसला होता. गळाची काठी त्याने गुडघ्यांत दाबून धरली होती. मेव्हण्याने मस्कतहून आणलेली, चकचकीत फिरकीची. पावसाळ्यात लकवा मारला तेव्हापासून त्याचा डावा हात नुसता लोंबत होता, डाव्या पायातही जोर उरला नव्हता. त्याआधी खाडीतला जिताडा मासा काढावा तर कमळाकरनेच, असं गावात म्हणत.

काल त्याने तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, दातांत धरून एकट्यानेच फिरकीवर भरला होता. सैल बसला. पहिल्याच फेकीला वेटोळी सुटली आणि असा गुंता झाला की सगळा कापून टाकावा लागला. आज त्याने बायकोला सोबत आणलं होतं.

"फडकं ओलं कर," तो म्हणाला. "त्यात तंगूस चिमटीत धर. जरा ताणून. सैल बसला की गुंततो."

सरूने धरला. तो फिरकीची मूठ फिरवत राहिला, तंगूस तिच्या बोटांतून सरकत फिरकीवर दाबून बसत गेला. फिरकीचा काठ थोडा रिकामा असतानाच तो थांबला.

"भरू या की अजून," ती म्हणाली.

"नको. काठोकाठ भरला की उसळतो."

जिवंत कोळंबी लावून त्याने एका हाताने गळ फेकला. "आता फिरकीवरची ती तारेची कडी हातानं पाड, म्हणजे तंगूस सुटायचा थांबेल. तंगूस ताण."

तिने तसंच केलं. पाण्यावर तंगूस सरळ पडला होता. कमळाकर हसला. सरूने त्याला कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं.

भरती चढली आणि काठी एकदम वाकली.

"जिताडा हाय! सरू, मूठ फिरव!"

तिने फिरवली, तर काठी त्याच्या हातातून निसटायला लागली. "काठी धर, काठी!" तिने काठी धरली, तर ती पेलेना. ती घसरून गुडघाभर चिखलात गेली. तो दगडावरून उठू पाहत होता आणि उठता येत नव्हतं. मासा एकदाच पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकलं, आणि काठी सरळ झाली.

"मी सोडली नाय ओ," सरू म्हणाली.

"म्हायीत हाय."

तिने फडक्यातून तंगूस हळूहळू गुंडाळून घेतला. कुठे गाठ नव्हती, वेटोळं नव्हतं. "परत टाकू या?"

"नको. काठी तुझ्या भावाला देऊन टाक."

"आज पयलाच दिवस हाय. उद्या मी नीट धरीन."

वर पुलावरून कंपनीतून सुटलेल्या सायकली चालल्या होत्या. धुणं घेऊन धोंडुबाई काठावर उतरली.

"काय रं कमळाकर, गावला का जिताडा?"

"लागला होता, मावशी," सरू म्हणाली. "केवढा थोरला..."

"नाय गो मावशी," कमळाकर मध्येच म्हणाला. उठवून घ्यायला त्याने उजवा हात सरूपुढे केला. "वारा खायला आलेलो."