स्वतःच्या शब्दांत

गावाहून दादाचा फोन आला की ओमानमधल्या निझवाच्या गॅरेजात रामकृष्णाचा जीव खालीवर व्हायचा. रानडुकरावर झाडलेला बार शेजारच्या सोमाच्या पायात घुसला, त्यापायी दादाने दोन वर्षं तुरुंगात काढली आणि शेतराखणीच्या बंदुकीचा परवानाही गेला. त्याच महिन्यात रामकृष्णाला ओमानचा व्हिसा आला होता. आता डुकरं शेतात भाताची काडी ठेवीनात, म्हणून दादाने परवाना परत मिळावा असा अर्ज केला होता.

"दादा, लायसन गावला?" रामकृष्णाने विचारलं.

"सायब म्हणता, बार काढल्याचो पश्चात्ताप स्वतःच्या शब्दांत लिवन दी." दादा घुटमळला. "आता ता माका कसा जमतला? बंदूक माझ्या हातात खंय होती? रामा, तू सांग. मी लिवन घेतंय."