एक फोटो हातात धरून

आई गेल्यावर तिच्या शिलाई मशिनच्या खणात एक जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर सापडलं. ते सरकारजमा करावं लागणारच होतं. त्याआधी मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, ते बाबांचं होतं का? बाबा गेले तेव्हा मी पाळण्यात होते.

त्यांच्या पलटणीत नेमबाजी शिकवलेल्या, आता थकलेल्या उस्तादांना मी फोटो पाठवले. बाबांचं नाव मुद्दामच सांगितलं नाही; म्हातारी माणसं मन राखायला हो म्हणून टाकतात.

लगेच फोन आला. "बाई, हे काय लग्नाचे फोटो आहेत? नंबर दिसू दे. आणि रिकामं आहे ना ते बघून, एक फोटो हातात धरून काढा. माप कळेल."

काढले, पाठवले. या वेळी फोन यायला संध्याकाळ झाली.

"नंबर गंजून गेलाय. अशी हजारो होती. कुणाचं, ते नाही सांगता येणार."

मी आभार मानून ठेवणार, तोच ते म्हणाले, "पण असं करंगळी मुठीखाली दुमडून धरायला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. पहिल्यांदाच धरलं."

"ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण एका पोराची करंगळी शेवटपर्यंत वर आली नाही." आणि त्यांनी बाबांचं नाव घेतलं. "त्याची मुलगी ना गं तू?"

मी चहाचा कपही तसाच धरते. उठता-बसता शिस्त लावणारी आई त्यावरून मात्र मला कधीच बोलली नाही. नुसती हाताकडे बघत राहायची.