दुसरी चप्पल

नवा एक्स-रे खिडकीसमोर धरून दिनकरराव डॉक्टर चक्रावले. आठ दिवसांपूर्वी नामांतराच्या बंदमुळं एसटी नव्हती, तेव्हा पोखर्णीच्या सरजाबाईला ट्रॅक्टरवर घालून परभणीला आणलं होतं. हृदय फुगलेलं, छातीत पाणी, श्वास लागलेला. सगळे हार्ट अटॅक म्हणाले. आज तेच हृदय पुन्हा नेहमीच्या आकाराचं झालं होतं! अटॅकचं हृदय असं आठवड्यात सावरत नाही.

डॉक्टरांना कोडं पडलं की जेवण गोड लागत नसे. जाडजूड पुस्तकं धुंडाळली तेव्हा एक ओळ सापडली: फेफऱ्यासारखा मेंदूला मोठा झटका बसला, तर कधीकधी हृदय लुळं पडतं आणि काही दिवसांत आपणहून सावरतं. सरजाबाईची जीभही चावली गेली होती. ते तडक तिच्या कॉटपाशी गेले.

"बाई, तुम्हाला फेफरं येतं का?"

तिनं आधी दाराकडं पाहिलं. नवरा बाहेर व्हरांड्यात होता. "येतंय," ती कुजबुजली. "पर त्यास्नी कळू देऊ नका, डाक्टर. सव्वीस वर्सं झाकून ठिवलंय. कळलं तर माहेरी धाडतील."

"गोळ्या घ्याव्या लागतील. पुन्हा असा झटका आला तर हृदय सावरेलच असं नाही."

"नगं. गोळ्या कशाच्या म्हणून इचारतील."

डॉक्टर हात चोळत बाहेर आले. तिचा नवरा भुजंगराव बाकड्यावर अनवाणी बसले होते. शेजारी एकच चप्पल. दुसरी ट्रॅक्टरवरून पडली, असं ते आठ दिवस सगळ्यांना सांगत होते. गोळ्यांबद्दल त्यांना काय थाप मारावी हे सुचेना, म्हणून डॉक्टरांनी उगाच विचारलं, "चप्पल नेमकी कुठं पडली हो?"

भुजंगरावांनी मान खाली घातली. "पडली न्हाई. रानात तिच्या नाकाला लावली, थितंच ऱ्हायली."

चप्पल हुंगवतात ती फेफऱ्यात. डॉक्टर त्यांच्या शेजारी टेकले. "म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"लग्नाच्या सालापासून. दर बारीला ती सुदीवर यायच्या आत चप्पल पायात घालून मी बाजूला हुतो. या बारीला सुदीवरच आली न्हाई." ते चपलेकडं बघत म्हणाले, "मला ठावं हाय म्हणून सांगू नका. लाजंनं मरंल ती."

"अहो, पण गोळ्यांचं काय?"

"तिच्यादेखत मला सांगा, काळजाच्या हाईत म्हणून. मी खरं धरतो."